शेजार नसलेली जागा

आयुष्यात पहिल्यांदाच बिझनेस क्लासने निघालो होतो. तिकीट लेकाने काढलं, जागा मात्र मी निवडली. आठवडाभर विमानाचा नकाशा न्याहाळून खिडकीची, शेजार नसलेली.

"बाबा, चौदा तास कोणाशीच बोलणार नाही?" सूनबाईने विचारलं.

"अगं, अनोळखी माणसाशी काय बोलायचं ते मला सुचतच नाही. मी आपला वाचत बसेन."

विमानात पुस्तक उघडलं, तोच एक तरुण आला. "काका, बायको पुढच्याच खिडकीत आहे. तुम्ही माझ्या जागेवर बसाल?" नाही म्हणायला जीभ रेटेना. पानात बोट ठेवून उठलो. त्याच्या जागेवर टेकतो न टेकतो, तर एका मुलीला तिथे आपल्या आईजवळ बसायचं होतं. असा सरकत सरकत मी शेवटच्या रांगेत, मधल्या जोडजागेवर, टॉयलेटच्या भिंतीला जाऊन लागलो.

शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. "तुम्हाला कितीदा उठवलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोनदा. तुम्हाला?"

"तीनदा. पहिल्या रांगेत होते हो मी, खिडकीत! पण मेलं नाही म्हणताच येत नाही."

पानातलं बोट केव्हा निघालं, कळलंच नाही.

विमान वर स्थिरावल्यावर हवाई सुंदरी आली. "पुढे खिडकीची एक जागा रिकामी आहे. शेजारी कोणी नाही, अगदी निवांत. तुमच्यापैकी कोणी येता का?"

"नाही!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो. तेही आयुष्यात पहिल्यांदाच.