धाकटीच्या हातचं

पोशेऱ्याहून जव्हारला थोरल्या सुनेकडे राहायला आलेल्या काशीबाई सकाळी धाकट्या सुनेकडे गेल्या आणि व्हाइट हॉट चॉकलेट पिऊन आल्या. "पुष्पलतानं बेस केलतं," त्या थोरलीला, उज्ज्वलाला, म्हणाल्या. पंधरा वर्षांत सासूबाईंनी तिच्या भाकरीलासुद्धा कधी बरं म्हटलं नव्हतं.

तिने नाशिकहून पांढऱ्या चॉकलेटची वडी मागवली. शाळेत शिकवून आल्या आल्या मंद आचेवर दूध तापवलं, वडी किसून त्यात विरघळवली आणि फेस येईस्तोवर रवीने घुसळलं. काशीबाईंनी पेला थेंबाथेंबाने रिकामा केला, पदराने तोंड पुसलं.

"चांगलंय. पन धाकटीच्या हातचं निराळंच."

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाने वेलची घातली, तिसऱ्या दिवशी साय. रोज पेला रिकामा व्हायचा आणि रोज तेच ऐकावं लागायचं. शेवटी रविवारी दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर ती मोठेपणा बाजूला ठेवून जावेकडे गेली. काय घालतेस, ते सरळ विचारायचं ठरवूनच.

पुष्पलता गॅससमोर उभी होती. पातेल्यात दूध तापत होतं, ओट्यावर पांढऱ्या चॉकलेटचा कीस सांडला होता, आणि तिचे डोळे रडून लाल झाले होते.



"ताई, बरं झालं तुम्हीच आलात. आई रोज सकाळी इथे पेलाभर पितात आणि म्हणतात, थोरलीसारखं तुला जमत नाय. तुम्ही नेमकं काय घालता हो?"