पन्नास वर्षांचा रंग

मुलांनो, असं समजा की सकाळी दात घासायला तुम्ही अंगणात आला आहात. पाण्याच्या रांजणाशेजारी आजीची पांढरी पिकदाणी उघडीच राहिली आहे. आत लाल पाणी आहे. आणि आजीने तर पान सोडलेलं आहे. तुम्ही काय कराल?

आजीची नात सू म्यात ओरडली.

"आजी, तू चोरून पान खातेस!"

ब्रह्मदेशातल्या इरावती नदीकाठच्या त्या गावात घरांच्या भिंती बांबूच्या चटयांच्या. एवढं वाक्य घरभर ऐकू गेलं. तुन वाईकाका गालात पान धरूनच बाहेर आला.

"छे गं, आजी कशाला खाईल? हल्ली उंदीर पान खातात," तो म्हणाला. "चुना लावून."

सू म्यातची आई हसली. कुंपणापलीकडची शेजारीणही हसली. आजी हसली नाही. महिनाभर ती हसायची झाली तर तोंडावर हात धरूनच हसे, आणि तिखट नको म्हणून पातळ पेजच पीत असे.

भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला त्या पौर्णिमेला आजीने बुद्धापुढे संकल्प केला होता. तीन महिने पानाला शिवायचं नाही. पुण्य आजोबांच्या नावे, ते गेल्या वर्षी वारले होते. पन्नास वर्षांची सवय ती, घरात कुणाचाच विश्वास बसेना. तेव्हा आजीने पानाचा डबा नातीपुढे सरकवला. "घे, तूच बांध. आजपासून तू माझी पहारेकरीण." सू म्यातने केसांतली निळी रिबीन सोडून डब्याला तीन गाठी मारल्या होत्या.

आणि आता ही लाल पिकदाणी.

"बुद्धाला शब्द दिलाय, पोरी. खोटं कशाला बोलू?" आजी म्हणाली. तिचे शब्द दातांआडून अडखळत येत होते. "हा जुना रंग आहे. पन्नास वर्षं मुरलेला. आता उतरतोय. बरंच आहे की, मळ निघतोय."

"आजीचा एवढा, तर माझा उतरला म्हणजे नदी लाल होईल!" काका म्हणाला.

आता सगळेच हसले. आजीने पेजेची वाटी खाली ठेवली आणि ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी उपोसथ, म्हणजे विहारात जायचा व्रताचा दिवस होता. आई विहारात जायला निघाली तशी आजी म्हणाली, "तू जा. खोटारडीने कशाला पुढे बसायचं?"

सू म्यातचा राग गेला नव्हता. आजीला पुरावाच दाखवावा म्हणून तिने फळीवरचा डबा काढला. रिबीन जागेवर होती. गाठी तीन होत्या. शेवटची गाठ तिने दातांनी ओढून वेडीवाकडी मारली होती. तीही तशीच होती. तिने गाठी सोडवल्या. आतली पानं वाळून काळी झाली होती. चुन्याचा दगड झाला होता.

ती डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. आजी खरं बोलत होती. मग हे लाल कसलं? बाबांची नवी लुंगी धुतली की रंग उतरतो, पण तो रोज थोडा कमी उतरतो. इथे पान सोडून महिना झाला तरी पिकदाणी लालभडक होती.

तिला शाळेत आलेल्या नर्सबाई आठवल्या. पान-सुपारी खाणाऱ्याला तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं होतं. "गालातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही, पांढरा चट्टा दिसला, तोंड पहिल्यासारखं उघडेना, रक्त आलं, तर दुखायची वाट पाहू नका. माझ्याकडे या. डॉक्टर छोटासा तुकडा काढून तपासतात. लवकर कळलं तर बहुतेकदा ऑपरेशन करून तेवढा भाग काढता येतो. काहींना किरणांचे उपचार द्यावे लागतात. उशीर केला तर जबडा जातो, कधी माणूसही जातं."

तेव्हा मागच्या बाकावरून सू म्यातच ओरडली होती, "पण बाई, आमच्या घरी सगळेच लाल थुंकतात! रक्त ओळखायचं कसं?"

वर्ग हसला होता. नर्सबाई हसल्या नव्हत्या.

सू म्यात आजीसमोर जाऊन बसली.

"आजी, आ कर."

आजीचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडलं. उजव्या गालाच्या आत एक खडबडीत जखम होती, कडेने पांढरी.

"दुखतं?"

"नाही गं. दुखलं असतं तर बोलले असते."

मोठ्यांपुढे गुडघे टेकून क्षमा मागायचा सण वर्षावास संपल्यावर येतो. त्याला अजून दोन महिने होते. सू म्यातने तिथेच चटईवर गुडघे टेकले आणि तीनदा कपाळ जमिनीला लावलं. मग उठून तिने आजीचा हात धरला. दुसऱ्या हातात पिकदाणी उचलली, आतलं पाणी न सांडता.

फाटकाशी काका उभा होता. "अगं, ते कुठे मिरवायला निघालीस?"

"हे आजीचं रक्त आहे, काका," ती म्हणाली, आणि न थांबता दवाखान्याच्या वाटेला लागली.