डेलमरचा मासा

खडकाच्या आडोशाला पाणी जरासं फुगलं, गळावर बांधलेली पिसांची नकली माशी दिसेनाशी झाली आणि डेलमरच्या हातातली गळाची काठी कमानीसारखी वाकली. मासा लागला होता. लहानसहान नव्हे. रिळावरची दोरी सुसाट पळत सुटली, त्यावरूनच कळलं.

"बाबा, टोक वर! टोक वर धरा!" मागून ब्रेंट ओरडला.

टोक वरच होतं. टोक कुठे असायला हवं हे डेलमरला ब्रेंट पाळण्यात होता तेव्हापासून ठाऊक होतं. पण सकाळपासून हेच चाललं होतं. ब्रेंटने बापाच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, दोरीच्या टोकाला माशी बांधली, नदीत उतरताना दंड धरला आणि जेवताना उकडलेलं अंडंसुद्धा सोलून हातात ठेवलं. म्हाताऱ्याचे हात थरथरत, हे खरं. पण थरथरणारे हात म्हणजे तुटलेले हात नव्हेत, हे या पन्नाशीच्या पोराला कोण सांगणार?

"काका, झकास चाललंय," ट्रिना म्हणाली. ती त्यांची गाईड. दोन दिवस होडी वल्हवत तिनेच या बापलेकांना आयडाहोतल्या या दरीत आणलं होतं. आता ती प्रवाहात थोडी खाली जाळी घेऊन उभी होती. "घाई नको. पळू दे त्याला."

डेलमरने पळू दिलं. दोन्ही बाजूंना उभे कडे, गुडघ्याएवढं गार पाणी आणि काठीतून थेट खांद्यापर्यंत पोचणारे ते धक्के. थरथरतोय तो आपला हात की मासा, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला हसू फुटलं.

मग मासा जोराच्या धारेत शिरला. डेलमर त्याच्यामागे गेला आणि गोट्यावरून त्याचा पाय सरकला. पडला नाही, नुसता झोकांडला. ब्रेंटला तेवढं निमित्त पुरलं. तो धावतच पाण्यात आला.

"द्या इकडे! घालवाल!"

"हात लावू नकोस."

"हट्ट नका करू हो, बाबा!" आणि त्याने काठी काढून घेतली. हिसकावली नाही, बापाची बोटं एकेक करून सोडवली. लहान मुलाच्या मुठीतून खडा काढून घ्यावा तशी.

या नदीवर कोणी पाटी लावलेली नाही, पण मासा लागलेल्या काठीला दुसऱ्याने हात लावायचा नसतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. माणूस पडला तर माणसाला धरायचं, काठीला नाही.

"साहेब, काठी त्यांना परत द्या," ट्रिना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"अहो, बुडतील ते!"

"गुडघाभर पाण्यात?"

ब्रेंटने ऐकलंच नाही. तो रीळ गुंडाळण्यात गर्क होता. डेलमर रिकामे हात घेऊन तसाच उभा राहिला. राग असा उसळला की त्याच्या कानात दडे बसले. गाडीची किल्लीही याने वसंतात अशीच काढून घेतली होती, तुमच्याच भल्यासाठी म्हणत, आणि तेव्हा डेलमर गप्प बसला होता. ते गप्प बसणंच आता त्याला जाळत होतं.

ब्रेंटने मासा जवळ आणला. चांगला आणला, हे मान्य करायला हवं. शिकवलं कोणी होतं शेवटी? याच नदीत जन्मलेला, हातभर लांब, तांबूस ठिपक्यांचा ट्राउट उथळ पाण्यात आडवा झाला. त्याचे कल्ले जोरजोरात उघडत-मिटत होते.

"बाबा, या, या! तुम्ही हातात धरा, मी फोटो काढतो. आजोबांनी काय पकडलंय ते पोरांना दाखवू."

"मी नाही पकडला."

"कोणाला कळतंय!"

ट्रिनाने जाळी अजून पाण्यात घातली नव्हती. डेलमर कोणाचा हात न धरता तिच्यापर्यंत चालत गेला.

"पोरी, ती कात्री दे."

तंगूस, म्हणजे गळाची बारीक नायलॉनची दोरी, कापायची चिमुकली कात्री तिच्या गळ्यात लटकत होती. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता ती काढून दिली.

"काय हवंय, बाबा? मी कापतो ना!" ब्रेंट म्हणाला. त्याचे दोन्ही हात काठीत अडकले होते.

डेलमर वाकला. माशाच्या ओठापासून ताणलेला तंगूस कात्रीच्या पात्यांत सापडेना. हात फारच थरथरत होता. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. ट्रिना वीतभर अंतरावर होती. तिने जागचं बोटही हलवलं नाही.

शेवटी कात्री मिटली. काठी फटकन सरळ झाली आणि ब्रेंट मागच्या मागे पाण्यात बसला. मासा क्षणभर तिथेच तरंगत राहिला, सुटल्याचं कळायला त्यालाही वेळ लागला. मग शेपटीचा एक फटका मारून तो खोल, हिरव्या पाण्यात गेला. ओठातल्या गळाला उलटा दात नव्हता, आज ना उद्या तो आपसूक गळून पडणार होता.

"घालवलात!" ब्रेंट पाण्यातूनच किंचाळला. "एवढा मोठा मासा घालवलात, बाबा!"

"घालवला नाही," कात्री ट्रिनाच्या हातात ठेवत डेलमर म्हणाला. "सोडला. माझा होता."