बालवाडीसमोरची पाटी

‘अवजड वाहनांस बंदी’ लिहिलेली पाटी मी नगरपालिकेतल्या टेबलावर ठेवली. “भाऊसाहेब, बालवाडीसमोरची ही पाटी तुमच्या माणसांनी का उपटली? ट्रक पोरांना घासून जातायत. माझी चिनू चार वर्षांची आहे हो.”

“ताई, नगरपालिकेचा नवा कायदा आला. जुना रद्द, म्हणजे त्याखालची अधिसूचनाही रद्द. मग पाटी कशाला?” असं म्हणत भाऊसाहेब डबा घेऊन उठले.

त्यांच्या डोक्यामागे दुसरी पाटी होती. जेवणाची सुट्टी, दीड ते अडीच. खाली बारीक अक्षरांत त्याच जुन्या कायद्याची अधिसूचना.

“मग तुमची सुट्टीपण रद्द झाली की! बसा खाली.”

भाऊसाहेब गडबडले. नव्या कायद्याचं पुस्तक त्यांनी पहिल्यांदाच उघडलं असावं, पण शेवटचं कलम क्षणात सापडलं. “नवा आदेश निघेपर्यंत जुन्या अधिसूचना चालूच राहतील! वाचा, ताई.”

“म्हणजे आमची पाटीही जिवंत!”

“अगदी जिवंत. लावून देतो ना.” त्यांनी डबा उघडला. “अडीचनंतर या.”

मी पाटी काखोटीला मारली आणि ती स्वतःच रोवायला निघाले. बालवाडी दोनला सुटते.