ठिपका विझू नये म्हणून

दुपारी अडीचला कॉम्प्युटर पुन्हा आपोआप बंद पडला आणि स्वयंपाकघरातून इंदिराबाईंचा आवाज आला, "गेला हो अंकुर."

पुंडलिकराव मुलाच्या, अंकुरच्या खोलीत बसले होते. मे महिना होता. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

अंकुर चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला, त्याला कारण पुंडलिकरावच होते. तोफांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला मुलाने सरकारी नोकरीच धरावी असं वाटत होतं. मुलाला कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचे होते. एका सकाळी ते बोलून गेले, एक तर हा डबा ठेव, नाहीतर हे घर. अंकुर दोन्ही सोडून गेला. फोन नंबरही त्याने बदलला.

त्या कॉम्प्युटरवर गप्पांचं एक अ‍ॅप होतं. आईला जेवायला हाक मारत बसायला नको म्हणून अंकुरने तेच तिच्याही फोनवर घालून दिलं होतं. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला की तो जागेवर आहे असं समजायचं. तो गेला तसा ठिपकाही गेला.

दोन वर्षांनी पुंडलिकराव खोली झाडायला गेले आणि सहज बटण दाबून बसले. अ‍ॅप अंकुरच्या नावाने आपोआप उघडलं. ते बंद करणार तोच अंगणातून इंदिराबाईंची हाक आली. अंकुरचा ठिपका पुन्हा दिसून राहिला, म्हणजे पोरगा कुठेतरी धड आहे, असं त्या सांगत होत्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

खरं सांगायचं पुंडलिकरावांच्या जिवावर आलं. त्यांनी कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला शिकतोय म्हणून सांगितलं आणि रोज सकाळी उठल्या उठल्या तो लावू लागले.

थंडीत सगळं ठीक चाललं. उन्हाळ्यात मात्र तो तापून बंद पडे, ठिपका विझे आणि इंदिराबाई ताट बाजूला सारत. नेपियर टाउन भागातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने "अंकल, नया ले लो" म्हणून हात झटकले. नव्या कॉम्प्युटरवर अंकुरचं नाव कुठून येणार? मग फिटरचे हात कामाला लागले. त्यांनी बाजूचं झाकण काढलं. आतल्या पंख्यावरची धूळ रंगाच्या ब्रशने झाडली, उरलेली सायकलच्या पंपाने उडवली. डबा दोन विटांवर चढवला, खालून वारा जावा म्हणून. मागची गरम हवा खिडकीबाहेर काढायला पुठ्ठ्याचा बोगदा केला. प्रोसेसर थंड ठेवणारी, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली. या मे महिन्यात तेही पुरेना, तेव्हा स्वतःच्या खोलीतला टेबलफॅन आणून त्याच्यासमोर ठेवला.

पडद्यावर इंदिराबाईंचे निरोप येत. जेवलास का, बारीक झाला असशील. पुंडलिकराव ते वाचत. मुलाच्या नावाने उत्तर द्यायला त्यांचं बोट कधी धजलं नाही. दिवाळीनंतर निरोपांत त्यांचाच विषय जास्त येऊ लागला. बाबा आता रागावत नाहीत, खंगले आहेत. बाबांना म्हणावं, जे झालं ते झालं, गुडघ्याला तेल लावत जा. ते वाचून त्यांनी तेल लावायला सुरुवात केली होती.

त्या दुपारी त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा लावला आणि फॅन आणखी जवळ ओढला. सगळा वारा तिकडे, ते स्वतः घामाने निथळत होते. उठायला गेले आणि भोवळ येऊन पलंगाच्या कडेला कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा इंदिराबाई ओल्या फडक्याने त्यांचं कपाळ पुसत होत्या. कैरीचं पन्हं पाजलं. उजेड उतरेपर्यंत कपाळावरचं फडकं बदलत राहिल्या.

"बंद करा आता ते," मग त्या म्हणाल्या. "ठिपका तुम्हीच लावून राहिले, हे मले दिवाळीपासून माहीत आहे. खोली झाडताना पडद्यावर माझेच निरोप दिसले."

पुंडलिकराव कोपरावर टेकून उठले. "मग बोलली काहून नाही?"

"बोलत तर होती. रोज लिहीत होती ना."

ते निरोप आपल्यासाठीच होते हे उमगलं तसं त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तो येणार नाही, एवढंच म्हणाले. इंदिराबाईंनी त्यांचा हात धरला. मग दोघांनी मिळून कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, टेबलफॅन आपल्या खोलीत नेला. त्या रात्री दोघं वाऱ्यात झोपले, पण झोप कोणालाच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होत होता तेव्हा इंदिराबाईंचा फोन वाजला. अ‍ॅपवर कुणा अनोळखी नावाचा निरोप होता. त्यांनी तो वाचला, खाली बसल्या आणि फोन नवऱ्यापुढे धरला. पुंडलिकरावांनी चष्मा लावला.

"आई, मी अंकुर. दोन वर्षं झाली, रोज सकाळी माझ्या जुन्या नावापुढचा ठिपका बघून मगच कामाला निघतो; ते नाव फक्त घरच्या कॉम्प्युटरवर उघडतं, म्हणजे बाबा माझ्या खुर्चीवर येऊन बसले, एवढं कळायचं. आज सकाळी तो दिसला नाही. बाबा बरे आहेत ना?"