शटर उघडंच होतं

खोलीची बाहेरची कडी खट् वाजली, तेव्हा चहासाठी थांबलेले केसरीनाथशेठ दचकले. दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पडलेल्या दिपालीने त्यांना आपल्याच घरात कोंडलं होतं. शेठच्या कामतघर भागातल्या इमारतीत खाली केमिकलचं गोदाम होतं आणि वर लूम. कापड चोरीला जाऊ नये म्हणून रात्रपाळीला ते शटरला बाहेरून कुलूप घालायचे. गोदाम पेटलं त्या रात्री वर लूमवर पाळीला असलेला दिपालीचा नवरा आतच जळाला. आज शेठ गोड बोलायला आले होते, "वहिनी, पोलिसांना एवढंच सांगा, शटर उघडंच होतं." आता ते दार बडवत होते. "वहिनी, स्टोव्हचा धूर होतोय, जीव घुसमटतोय." "उघडंच आहे की, शेठ," ती म्हणाली, "या बाहेर." एकेका धक्क्याने तिला बरं वाटत होतं. गॅलरीत खेळणारी लेक दाराशी येऊन थांबली. "आई, बाबांनी किती वेळ वाजवलं होतं?"