शेजारची खोली

"वहिनी, तुमचं जुळलं तरी कसं?" होणाऱ्या नणंदेने चेष्टेने विचारलं.

"कामाच्या निमित्ताने," नर्स कशीबशी म्हणाली. लग्नाची तारीख ठरवायला जमलेल्यांत होणाऱ्या नवऱ्याच्या दिवंगत बायकोची आईही होती. तिच्याच लेकीच्या शेवटच्या दुखण्यात नर्स या घरी आली होती. लेकीचा डोळा लागला की, दार लोटून, शेजारच्या खोलीत चहा पिता पिता त्या दोघांचा एकमेकांवर जीव जडला होता.

नर्स स्वयंपाकघरात उठून गेली, तशी म्हातारी मागोमाग आली. नर्सला तोंड कुठे लपवावं कळेना.

"आई, मला..."

"माझी लेक जाताना सांगून गेली, पोरी. म्हणाली, मी झोपले की तो हसतो गं, म्हणून दुपारभर नुसती डोळे मिटून पडते."